अ‍ॅलर्जी : काही नाही

एका ठरावीक इंजेक्शनाने बाबांचा घसा सुजतो, श्वास कोंडतो. पायाच्या जखमेसाठी त्यांना कारेलीबागेतल्या रुग्णालयात दाखल केलं, तेव्हा ही अ‍ॅलर्जी मी काउंटरवर स्वतः उभी राहून नोंदवून घेतली. तिथलं सॉफ्टवेअर सयाजीगंजच्या आमच्याच ऑफिसात बनलेलं, त्यामुळे जरा ऐटीतच होते.

खालून औषधं घेऊन वर आले, तर सिस्टरने सिरिंज भरली होती. बाटलीवरचं नाव वाचलं. तेच औषध.

"थांबा!" मी ओरडलेच.

"पण स्क्रीन पर तो एलर्जी नथी, बेन." तिने टॅब माझ्यापुढे धरला. अ‍ॅलर्जी : काही नाही.

"रिफ्रेश करा," मी म्हटलं.

तिने केलं. बाबांना नुकतंच खिडकीजवळच्या खाटेवर हलवलं होतं. त्या खाटेचा नंबर स्क्रीनवर लगेच आला. म्हणजे रिफ्रेश झालं होतं. खालची ओळ मात्र तशीच.

खरी घाबरले ती तेव्हा, कारण गोम माझ्या लक्षात आली. आमचा प्रोग्रॅम रिफ्रेश म्हटलं की डेटाबेसमधून फक्त रुग्ण पुन्हा वाचतो. त्याला जोडलेल्या अ‍ॅलर्जी, चालू औषधं वगैरे नोंदी एकदा वाचल्या की कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातच, धरून ठेवतो. बाबांचं पान माझ्या नोंदीआधीच कुणीतरी उघडलं असणार. का, तर वेग वाढावा! रुग्ण ताजा, अ‍ॅलर्जी शिळी, आणि दोन्ही एकाच पानावर. संशय येणार तरी कुणाला? वॉर्डातल्या बाकीच्या खाटांकडे बघायचा मला धीर होईना.

सिरिंज ट्रेमध्ये गेली. ऑफिसला फोन करून मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळी कॅश रिकामी केली, तेव्हा कुठे स्क्रीनवर लाल ओळ उमटली. सिस्टरचा चेहरा उतरला. एकेका रुग्णाची नोंद पुन्हा तपासायला निघता निघता ती म्हणाली, "में काकाने पण पूछ्युं हतुं. एमणे ना पाडी."

मी बाबांकडे वळले. "तुम्ही नाही म्हणालात? बाबा, जीव गेला असता!"

ते ओशाळले. "अगं, सांगणारच होतो. पण त्यांनी स्क्रीन दाखवली. तुझं सॉफ्टवेअर ना ते? मला वाटलं, त्यात चूक कशी असेल? माझी अ‍ॅलर्जीच आता गेली असेल."