भट्टीचा अंदाज

यांना जाऊन चार महिने झाले. आज माझी भाकरी करपली आणि त्या वासाने यांचा मलकपेठेतला कारखाना आठवला. विजेच्या मोटारींचे खाचा असलेले लोखंडी भाग भट्टीत तापवून वीजरोधक हिरव्या पावडरीत बुडवायचे. ताप नेमका असला, तरच पावडर वितळून खाचांच्या आतपर्यंत सारखी बसे.

त्या दुपारी मी डबा घेऊन गेले, तेव्हा मोठ्या ऑर्डरीआधी एक इंजिनिअर नमुना पाहायला आले होते आणि भट्टीचं मीटर बंद पडलं होतं. यांनी भट्टीतल्या एका फालतू तुकड्यावर पाणी शिंपडलं. थेंब टणाटण नाचले, तसा यांनी शेजारचा भाग उचलून पावडरीत बुडवला. खाचा आतून एकसारख्या हिरव्या झाल्या.

“अंदाज कैसा आया?” इंजिनिअरांनी विचारलं.

“घर में जवारी की रोटियां मैंइच बनातूं,” हे म्हणाले. “इनकू किताबों से फुरसत नहीं.”

“सच है क्या, भाभी?”

गोष्ट खरीच होती; मी नाही म्हटलं असतं, तर हे खोटे पडले असते आणि ऑर्डरही गेली असती.

“जी,” मी म्हणाले. “मेरेकू आतीच नहीं.”

“ऑर्डर पक्का,” ते हळूच म्हणाले. “बस, हमारे घर में ये बात नक्को बोलो.”

परतताना मी तरातरा यांच्या पुढे चालले. चारचौघांत अब्रू गेली, एवढंच मनात होतं. यांच्या सुरात तक्रार नव्हतीच, माझ्या वाचनाचं चक्क मिरवणं होतं, हे आत्ता कुठे ऐकू येतंय.