तुमिनाहची थोरली

आमच्या घरांमधली भिंत बांबूच्या तट्ट्याची. भांडण ऐकायला कान लावावे लागत नव्हते.

"आता आपला मुलगा झाला. हिला माझ्या बहिणीकडे परत सोडतो," वागिमान म्हणाला.

"ती काय उसनी आणलेली परात आहे?" त्याची बायको तुमिनाह म्हणाली.

"आणली कशाला होती, आठवतं ना?"

आठवायला काय झालं? आमच्या जावा बेटावर मूल होत नसलं की कुणाचं तरी पोर घरी आणतात. ते पोर म्हणजे गळाचं आमिष. त्याच्या मागून आपलं येतं. वागिमानच्या बहिणीची लास्मी पाच वर्षांची असताना आली आणि दोन वर्षांत बागस झाला. आम्ही बायका लाडानं तिला म्हणायचो, "तुझ्यामुळे मासा लागला गं!" एकदा तिनं मला विचारलं, "आजी, मासा लागल्यावर गांडुळाचं काय होतं?" मी तिला केळं दिलं. दुसरं काय देणार?

पोरगी चावायची. भावाचं दूध ओतून द्यायची. तुमिनाह तेम्पे विकायची. पानात बांधून आंबायला ठेवलेल्या सोयाबीनच्या पुड्या पोरगी त्याच दिवशी फोडायची. वागिमान चोपायचा. चोपलं की दुसऱ्या दिवशी दुप्पट पुड्या फुटलेल्या. मला ते दिसत होतं, तरी मी म्हणायचे, रक्तच तसलं. तोंडाला सवय.

तुमिनाह मारायची नाही, आणि सोडायचीही नाही. "राग आलाय? बस माझ्याजवळ. ही पानं फाड हवी तेवढी. पुडी मात्र परवाच उघडायची." कधी अख्खा गठ्ठा फाटायचा. वागिमाननं तीनदा पोरीला बहिणीकडे नेऊन टाकलं, तीनदा ही पहिल्या बसनं जाऊन घेऊन आली. चौथ्यांदा तो गेला नाही. कंटाळला असेल.

लास्मीला बारावं लागलं, तेव्हा तुमिनाहचे पाय सुजलेले असायचे. एका शुक्रवारी ती वारली. मीच तिला आंघोळ घातली. रडू आलं नाही मला.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी शाळेतून निरोप आला होता. आठ महिन्यांनी पोरगी पुन्हा कुणाला तरी चावली होती. तुमिनाहनं हात पुसले, बाहेरच्या चपला घातल्या. मी सोबत गेले.

"बाई, हिला जिथून आणलंत तिथं पाठवा आता," गुरुजी म्हणाले.

"घरी नेते, गुरुजी," ती म्हणाली. चावलेल्या मुलाच्या आईची तिनं माफी मागितली, लास्मीलाही मागायला लावली. मग वाटेत दर बुधवारसारखं सोयाबीन घेतलं. पिशवीचा एक बंद लास्मीनं धरला, एक तिनं. घरी येऊन दोघींनी ते भिजत घातलं.