वर्गणीदारांचे भाऊ

डोक्यावरचं हेल्मेट न काढता भाऊ दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "बसत नाही. निघतोच आहे." आणि त्यानंतर दोन तास उभेच असायचे. खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीवर हात ठेवून तिला मागच्या दोन पायांवर झुलवत राहायचे. आमच्या खोलीतली एकही खुर्ची धड उभी राहात नसे, त्याचं कारण एवढंच.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. लग्नात ती जेवायला बसत नाहीत, गाडीत जागा मिळाली तरी दाराशी उभी राहतात. आमच्या भाऊंचं वेगळेपण इतकंच, की त्यांची ही अस्वस्थता आमच्या कंपनीचा मुख्य विभाग होती.

कंपनी म्हणजे सुरतेच्या भेस्तान भागातली एक खोली. खाली साड्यांच्या घड्या घालून पॅकिंग करायचा कारखाना आणि वर आम्ही. आम्ही 'जत्रा' नावाचा ऑनलाइन गेम बनवत होतो. खेळणाऱ्यांनी आपापल्या मोबाइलवरून एकाच गावात जमायचं, बैलगाडी आणायची, दुकान मांडायचं, कुस्ती लावायची. गेमचं सगळं डोकं हेमांगीचं होतं. कोड ती लिहायची, सर्व्हर ती सांभाळायची. मग मी काय करायचो? मी बोलायचो.

बोलून बोलूनच मी लोकांकडून ऑनलाइन वर्गणी गोळा केली होती. गेम तयार व्हायच्या आधी पैसे द्या, तयार झाला की सगळ्यांच्या आधी खेळा. या लोकांना मी 'बॅकर' म्हणायचो. भाऊ म्हणायचे वर्गणीदार. ते स्वतः कापडाचे दलाल. सचिन गावच्या मिलमधून बाजारात आणि बाजारातून कडोदऱ्याला, दिवसभर मोटरसायकलवर. सुरतेतल्या निम्म्या खानदेशी घरांत त्यांची ओळख. त्यांनी आधी स्वतः वर्गणी भरली, मग गल्लीला भरायला लावली, मग गल्लीच्या पाहुण्यांना.

"लोकांनी तुझं तोंड पाहून नाही दिलेले," ते मला बजावायचे. "मन्हं पाहून दिले आहेत. तू काय, उद्या कॉम्प्युटर बंद करशील. माले ह्याच गल्लीतून गाडी काढायची आहे."

हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तर ठरलेली रक्कम जमली त्या संध्याकाळी मी तोंड आवरलं असतं. आनंदाच्या भरात मी लाइव्ह आलो आणि जाहीर केलं, "प्रत्येक वर्गणीदाराचं गाव आम्ही गेममध्ये बांधणार!" कॅमेऱ्यामागे हेमांगी दोन्ही हात जोरजोरात हलवत होती. ती 'थांब' म्हणत होती. मला वाटलं, टाळ्या वाजवतेय. मी ते वाक्य पुन्हा म्हटलं, यावेळी हिंदीतसुद्धा.

सुरतेत राहणाऱ्या खानदेशी माणसाला त्याचं गाव विचारून बघा. नको, विचारूच नका. दुसऱ्या दिवसापासून गावं यायला लागली. मारुतीचं देऊळ वेशीच्या आत आहे, बाहेर नाही. पाराची एक फरशी फुटलेली आहे, ती फुटलेलीच दाखवा. दोघा चुलतभावांनी एकाच गावाचे दोन नकाशे पाठवले, प्रत्येकात विहीर आपल्या घरासमोर. विदर्भातल्या एकाने कापसाच्या गाडीचा फोटो पाठवून खाली लिहिलं, 'बैल असेच पाहिजेत, शिंगं नीट बघा.'

"भाऊ, मन्हं गाव कव्हय येई?" हा प्रश्न फोनवर, दुकानात, सिग्नलला, सगळीकडे भाऊंना गाठायचा. मी सगळ्यांना एकच उत्तर लिहायचो, 'काम प्रगतिपथावर आहे.' भाऊंनी ते एकदा मोठ्याने वाचलं.

"हा प्रगतिपथ कोठे लागतो रे? कडोदऱ्याच्या अलीकडे का पलीकडे?"

"भाऊ, सगळ्या कंपन्या असंच लिहितात."

"मग सगळ्या कंपन्यांना चहा कोण पाजतं?"

चहा हे त्यांचं मोजमाप होतं. ते वर्गणीदारांच्या घरी जाऊन काम कुठवर आलंय ते सांगायचे आणि परत येऊन आम्हाला हवामान कळवायचे. चहा विचारला म्हणजे ठीक. चहा आला पण सोबत पाणी नाही, म्हणजे सांभाळा. ऑनलाइन गेमचा हिशेब दारोदार जाऊन देणारा दुसरा माणूस जगात असेल असं मला वाटत नाही. मी त्यांना ग्रुप कॉलचं तंत्र शिकवायला गेलो, तर म्हणाले, "कॉलवर माणूस तोंड फिरवतो ते दिसत नाही."

कडोदऱ्यात एक मावशी लूमवरच्या कामगारांची खानावळ चालवायच्या. त्याही वर्गणीदार. त्यांचं गाव फार पूर्वी धरणाच्या पाण्यात गेलं होतं. फोटो नाही, नकाशा नाही. भाऊ त्यांच्या ओट्याशी उभे राहून विचारायचे आणि मावशी पोळ्या लाटता लाटता सांगायच्या. घाट इथे, चिंच तिथे, शाळेचा पत्रा लाल. हेमांगीने हौसेने आधी तेच गाव बांधायला घेतलं. कच्चं गाव तयार झालं तेव्हा मीही भाऊंच्या मागे बसून कडोदऱ्याला गेलो. श्रेय घ्यायला माझ्याइतकं तत्पर कोणी नसतं.

मावशींनी पिठाचे हात पदराला पुसले आणि मोबाइल घेतला. घाटापर्यंत गेल्या, चिंचेखाली थांबल्या. मी कौतुकाची वाट बघत होतो.

"गाव तेच शे," त्या म्हणाल्या. "पन मानसे कोठे शेत?"

"लोक अजून खेळायला लागले नाहीत ना, मावशी," मी म्हणालो. "गेम बाहेर आला की येतील."

"कव्हय?"

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी हेल्मेटची काच खाली ओढली.

त्याच महिन्यात हेमांगीने शांतपणे सांगितलं, की एवढी गावं कधीच होणार नाहीत. सर्व्हर एक, माणसं कमी, पैसा संपत आलेला. "एक गाव नीट करू आणि गेम बाहेर काढू. नाहीतर एकही नाही."

मी लगेच निवेदन लिहायला घेतलं. 'काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे अनुभवाची व्याप्ती पुनर्रचित करण्यात येत आहे.' खरं सांगतो, मला ते वाक्य आवडलं होतं. भाऊंनी ते वाचलं. खुर्ची झुलायची थांबली.

"ह्यात गाव येणार नाही असं कोठे लिहिलंय?"

"ते समजून घ्यायचं असतं."

"असं? आणि ते समजवायला गल्लीत कोण जाईल? तुझी व्याप्ती?"

हेमांगी हसली. मीही हसलो, जरा उशिरा. मग खरा प्रश्न आला, ठेवायचं कोणतं गाव? कोणतंही ठेवलं तरी बाकीचे सगळे तुटणार होते. मी म्हटलं, चिठ्ठ्या टाकू, म्हणजे आपल्यावर येणार नाही.

"टाकायच्या नाहीत," भाऊ म्हणाले. "मावशीचं ठेवा. बाकीच्यांना उधना स्टेशनवरून गाडी आहे. सकाळी बसले की संध्याकाळी गावात. तिला कोणती गाडी आहे?"

ते निवेदन मी पाठवलं नाही. भाऊच निघाले. भेस्तान, सचिन, कडोदरा. प्रत्येक दारात तेच, तुमचं गाव येणार नाही, एकच येणार आहे, आणि ते का, ते असं असं. परत यायचे ते खोलीत येरझाऱ्या घालत. "आज चहा नाही." "आजही नाही." एका घरी तर म्हणे म्हाताऱ्याने त्यांच्या देखत कप उलटा ठेवला. पैसे परत मागणाऱ्यांचे मेसेज मला येत होते, पण ते वाचताना मी निदान खुर्चीत बसलेला असायचो. भाऊंनी त्या दिवसांत घराकडे जायचा रस्ता बदलला होता. मागच्या बोळातून गाडी ढकलत न्यायचे. हे त्यांच्या मुलाने मला पुढे सांगितलं.

तरी फिरणं थांबलं नाही. मग एका दुपारी ते जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत आले. "त्या म्हाताऱ्याने आज चहा पाजला! म्हणे, आमचं गाव राहू द्या, पण बैल आमच्याकडचे घ्या."

"घेऊ," हेमांगी म्हणाली.

"शिंगं नीट बघ," मी म्हणालो.

गेम बाहेर पडायच्या थोडं आधी भाऊ मार्केटमध्ये चक्कर येऊन पडले. दवाखान्यात भेटायला गेलो तर मी आधी ओळखलंच नाही. इतक्या काळात त्यांचं डोकं मी प्रथमच पाहात होतो. चांगलं गुळगुळीत टक्कल होतं. ते मला हसताना पाहून म्हणाले, "हस. पैसे लागत नाहीत." मग चादरीखाली पाय हलवत विचारलं, "मावशीले कोण सांगी, कव्हय ते?"

"मी जातो."

"फोन नको करू."

"नाही. जातो."

मी गेलो. चहा मिळाला, सोबत पाणीसुद्धा. ते भाऊंना सांगायचं राहिलं. परतीच्या रस्त्यातच त्यांच्या मुलाचा फोन आला.

'जत्रा' ठरल्या दिवशी सुरू झाली. सर्व्हर दोनदा बसला, हेमांगीने दोनदा उठवला. मावशींच्या गावात माणसंच माणसं झाली. कुठली कुठली, आपापली गावं सोडून आलेली. घाटावर गर्दी, चिंचेखाली भांडणं, लाल पत्र्याच्या शाळेसमोर भेळेची दुकानं. मावशी खानावळीतल्या पोरांकडून मोबाइल चालवून घेतात आणि कोणाची गाडी कुठे लावायची ते ठरवतात.

वेशीच्या आत, रस्त्याला लागून, एका मोटरसायकलएवढी जागा मोकळी असते. जत्रा कितीही भरली तरी असते. नवीन खेळणारा तिथे बैल सोडायला लागला, की चारी बाजूंनी मेसेज येतात, 'तिथे नाही, पुढे घ्या.' का, हे त्याला कोणी सांगत बसत नाही. तो चुपचाप गाडी पुढे घेतो.

मी हेमांगीला विचारलं, हा नियम तू घातलास का? ती म्हणाली, मी नाही. तिने सगळा कोड उघडून दाखवला. त्यात तसं काहीच नव्हतं.