दोन बोटं आखूड

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर निघालेली न्हाई. बायकोपुढं दोनदा जिभेवर आली — दोन्ही वेळा पाणी मागितलं आणि गिळून टाकली. तुम्हाला काहून सांगून राहिलो? माहीत न्हाई. तुमची-माझी ओळख न्हाई, म्हणून असेल. तुम्ही बसा. मी उभा राहूनच सांगतो. बसलं की माझे पाय हलायला लागतात.

हिंगोलीत माझं बॅटरीचं दुकान हाय. बॅटरी, वायरिंग, सेल्फ, हॉर्न — जन्म त्यातच गेला. मिस्तरीनं हात लावला म्हणजे परत बघायचं काम न्हाई, असं लोक म्हणतात. आणि खरं सांगू? ते ऐकायला मला लई गोड लागतं. दुसऱ्या कुणाचं काम कच्चं निघालं की चार माणसांत त्याची इज्जत काढायची, ही माझी खोड. तोंडच तसं हाय माझं.

अलीकडं आणखी एक खोड लागली. दिसेल ती वस्तू हलवून बघतो. गॅसची टाकी, पंख्याचा हूक, पाव्हण्याच्या मोटारसायकलचा आरसा. बायको म्हणते, "काहून हलवून राहिलात? उद्या मलाबी हलवून बघाल, ढिली झाली का म्हणून." घरात सगळे हसतात. मीपण हसतो.

तर — कंट्रोलर साहेब.

एसटी डेपोत ते वाहतूक नियंत्रक होते. रिटायर झाले, तरी सगळे त्यांना कंट्रोलर साहेबच म्हणतात. खिडकीत बसून आयुष्यभर लोकांच्या गाड्या सोडल्या — नांदेड, वाशिम, परभणी, अकोला — आणि स्वतः लग्नकार्याशिवाय कुठं गेले न्हाईत. त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, एकच रडगाणं असायचं: सगळ्या जिल्ह्याला गाडीत बसवलं, मला तेवढं फलाटावर ठेवलं. ते ऐकून ऐकूनच असेल, साहेबांनी एका शाळेची जुनी व्हॅन घेतली. सीटा काढल्या. मागं लोखंडी पलंग ठोकला, त्यावर उचलता येईल असं प्लायवूड, बाजूला छोटा ओटा, शेगडी. काकूंनी पिवळ्या फुलांचे पडदे शिवले. गाडीतच राहायचं, गाडीतच रांधायचं, वाट फुटेल तिकडं जायचं. पहिला मुक्काम लोणार.

पंख्याला आणि दिव्यांना वेगळी बॅटरी पाहिजे म्हणून ते माझ्याकडं आले. हातात वही. आता असं गिऱ्हाईक कुठं मिळतं? मी असा खुललो म्हणता — अर्धा दिवस त्यांना शाळाच घेतली. पाण्याची बॅटरी घेऊ नका साहेब, चार्ज होताना ती वायू सोडते आणि तुम्ही तर तिच्याच डोक्यावर झोपणार. बंद बॅटरी घ्या. ठेवायची खाली, पलंगाच्या तळाशी, म्हणजे वळणावर गाडीचा तोल जाणार न्हाई. फ्यूज बॅटरीच्या जवळच पाहिजे. प्लसच्या टर्मिनलला लाल टोपी पाहिजे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट — बॅटरी म्हणजे दगड हाय, ब्रेक मारला की सुटते. म्हणून तिला लोखंडी अँगलचा ट्रे, ट्रे गाडीच्या तळाला बोल्टनं, आणि वरून आडवी लोखंडी पट्टी, दोन्ही बाजूंनी लांब हूकबोल्ट लावून आवळलेली. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. 'पट्टी' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या — हे मी बघितलं. विसरता येत न्हाई.

ट्रे आणि हूकबोल्ट मी वेल्डरकडून करून घेतले, दुकानातल्या एका बॅटरीच्या मापानं. मग साहेबांना मीच म्हणलो, पंखा रातभर चालवायचा तर थोडी मोठी घ्या. मोठी आली. ट्रेमध्ये बसली — पण उंचीला जास्त. हूकबोल्ट दोन बोटं आखूड पडले. पट्टी वर ठेवली तर बोल्टचं तोंड नटापर्यंत पोचेचना.

शुक्रवारची संध्याकाळ. वेल्डर लग्नाला आखाडा बाळापूरला गेलेला, दुकानाला कुलूप. शनिवारी सकाळी निघायचं काकूंनी ठरवलेलं. लाडू बांधून झालेले, शेजारच्या बाया निरोप द्यायला आलेल्या. आणि मी पलंगाखाली आडवा, हातात दोन बोटं आखूड बोल्ट. तिथून बाहेर येऊन म्हणायचं होतं — साहेब, माझं माप चुकलं. एवढंच. सांगितलं असतं तर ते थांबले असते हो! सगळा जन्म थांबलेली माणसं, आणखी दोन दिवसांनी काय होणार होतं?

पण त्या वहीसमोर मला ते म्हणवेना.

आमच्याकडं अडलं की ट्यूब. तुम्हाला माहीत असेल. ट्रकची जुनी ट्यूब कापून पट्ट्या करायच्या आणि जे हलतं ते बांधायचं — दुधाचा कॅन, फवारणीचा पंप, मोटारसायकलवर मागं बसलेल्या म्हाताऱ्याची काठीसुद्धा. माझ्या डिक्कीत तसल्या पट्ट्या पडलेल्या असतातच. दोन घेतल्या, खेचून बॅटरीवरून ट्रेच्या खाली आवळल्या, गाठ मारली. हातानं हलवून बघितलं. गच्च होती. उभ्या गाडीत गच्चच असते ती. रबर ताणतं हे मला कुणी सांगायला पाहिजे होतं का? लोखंडी पट्टी आणि बोल्ट माझ्या पिशवीत टाकले आणि वरून प्लायवूड बंद केलं. मनात म्हणलं, लोणारहून आले की बदलू.

बाहेर आलो तर काकू ताट घेऊन उभ्या. त्यांनी प्लायवूडवरच हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. साहेबांनी वही उघडली आणि विचारलं, "पट्टी बराबर?"

मी म्हणलो, "बराबर."

आमच्या भागात या शब्दावर सगळे व्यवहार चालतात. बराबर म्हणलं की पुढं कुणी विचारत न्हाई. साहेबांनी खूण केली आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी कनेरगाव नाक्याच्या अलीकडं शेतातून एक ट्रॅक्टर अचानक रस्त्यावर आला. साहेबांनी ब्रेक दाबला. रबर ताणलं, बॅटरी सुटून आडवी झाली, लाल टोपी निघाली आणि प्लसचं टर्मिनल पलंगाच्या पायाला टेकलं. फ्यूज तारेला वाचवतो. टर्मिनलच लोखंडाला भिडल्यावर तो बिचारा काय करणार? ठिणग्या, धूर, गादी पेटली. काकू त्याच पलंगावर बसलेल्या. खाली उतरून पळायचं सोडून त्यांनी प्लायवूड उचकटायला हात घातला — उजवा. जवळच्या ढाब्यावरची माणसं धावली, माती टाकून त्यांनी आग विझवली.

साहेबांचा फोन आला. मी पोचेपर्यंत काकूंना जीपमधून हिंगोलीला दवाखान्यात नेलं होतं. गाडी ढाब्यापाशी उभी, पडदे अर्धे जळलेले. आणि मी पहिलं काय केलं असेल? पलंगाखाली घुसलो. ट्यूबची जळकी टोकं ट्रेला चिकटली होती. ती नखांनी खरवडून काढली आणि खिशात घातली. माझ्या बॅटरीनं पेटलेली गाडी, त्यात एका बाईचा हात भाजलेला — आणि मी पुरावा गोळा करत होतो. थू माझ्यावर!

दवाखान्यात साहेब बाकावर बसले होते. मला बघून उठले. मला वाटलं, आता कॉलर धरतील. धरली असती तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "मिस्तरी, सकाळी अंधारातच मी प्लाय उचलून आत जॅक सरकवला. त्याचा धक्का लागून पट्टी निघाली असल का?"

बघा — त्यांनी स्वतःच मला वाट करून दिली. मी काही रचायची गरजच न्हाई. खिशात ट्यूबचे तुकडे. आणि मी म्हणलो, "असल, साहेब."

एवढंच बोललो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य, आणि त्यात साहेबसुद्धा म्हणलो.

चार वर्षं झाली. व्हॅन विकली. काकूंच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळत न्हाई, त्यामुळं भाकरी थापता येत न्हाई. भाकरी साहेब थापतात. पण मला त्याहून जास्त टोचतं ते वेगळं हाय. साहेब आता घरातलं काही बसवायला, आवळायला हात लावत न्हाईत. कुकरची शिट्टी काकूंना बसवायला लावतात. कुलूप लावलं तर शेजाऱ्याला ओढून बघायला सांगतात. डेपोतला खमक्या माणूस तो — ड्रायव्हर लोक टरकून असायचे.

परवा फोन आला: न्हाणीघरातला बल्ब गेलाय, जरा येता का? बल्ब! मी गेलो. मी स्टुलावर चढलो आणि ते खाली स्टूल धरून उभे. "माझ्या हाताचा भरोसा न्हाई राहिला, मिस्तरी," म्हणाले. बल्ब फिरवायला असा किती वेळ लागतो? मला लागला.

काकू जेवल्याशिवाय सोडत न्हाईत. साहेब चुलीपाशी बसून थापत होते. भाकरी आता चांगली गोल येते त्यांना. काकू मला वाढता वाढता सहज बोलून गेल्या, "मिस्तरींनी तर बराबर बसवून दिलं होतं. ह्यांनाच राहवलं न्हाई..." साहेबांनी मान खाली घातली आणि पीठ चोळत राहिले. मग माझ्या ताटात गरम भाकरी टाकली.

मी ती खाल्ली. दुसरी पण घेतली.

जॅकचा धक्का लागलाच नव्हता. त्या दिवशी पलंगाखाली घुसलो तेव्हा मी तो बघितला होता — दुसऱ्या टोकाला, कोपऱ्यात अडकवून ठेवलेला, बॅटरीपासून हातभर लांब. साहेबांनी त्याला खाली फडक्याची घडीसुद्धा घातली होती, हलू नये म्हणून. त्या गाडीत बराबर बसवलेली तेवढी एकच वस्तू होती.