चौथ्या दाराची कडी

संडासाकडे वळण्याआधी धोंडीबा खोकायचे. आत कुणी नाही हे दिसत असलं तरी. टमरेल पंच्याच्या आड धरायचे. बाहेर आले की पुन्हा बादलीभर पाणी ओतायचे आणि पुढच्या माणसाच्या तोंडाकडे न बघता निघून जायचे. कुणाच्या आजाराचं नाव घ्यायचे नाहीत. "त्याचं जरा बरं नाही," एवढंच. दुसऱ्याच्या घरी चहा प्यायले तर बशी वाजू द्यायचे नाहीत. शर्टाच्या खिशात पेन्सिलीचा तुकडा आणि दोन-चार स्क्रू कायम असायचे.

दिवा स्टेशनजवळच्या त्या चाळीत बारा बिऱ्हाडं होती आणि मागच्या अंगाला चार संडास. पहिले दोन बायकांचे, पुढचे दोन पुरुषांचे. आंबिवलीच्या कारखान्यात फिटर म्हणून हयात घालवून धोंडीबा निवृत्त झाले आणि त्या चार दारांचा कारभार आपसूक त्यांच्याकडे आला. बिजागरी निखळली, ते बसवायचे. बल्ब गेला, ते बदलायचे. आत बसलेल्या माणसाला दार हातानं ओढून धरावं लागू नये, यावर त्यांचा फार कटाक्ष. त्याला कारण मंजुळाबाई.

मंजुळाबाई त्यांची बायको. सत्त्याऐंशी साली तिला शौचावाटे रक्त जाऊ लागलं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दुर्बिणीची तपासणी सांगितली. दुर्बीण आत घालायची तर आतडं धुतलेल्या भांड्यासारखं स्वच्छ लागतं. म्हणून आदल्या दिवशी तिला पेलाभर एरंडेल पाजलं. निम्मं उलटून पडलं. मग साबणपाण्याचा एनिमा. रात्री एकदा, सकाळी दोनदा. भरल्या वॉर्डात, पुरता न सरकणाऱ्या पडद्याआड. एवढं करूनही आतलं नीट दिसलं नाही. परत या म्हणाले. घरी येऊन ती म्हणाली, "मेले तरी चालेल. पण ती नळी परत नको."

धोंडीबांनी आग्रह केला नाही. वर्षाच्या आत ती गेली.

पंच्याण्णव साली, दिवाळीनंतर, त्यांना स्वतःला रक्त दिसलं. ते एकटेच ठाण्याच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे.

"काका, पोट साफ करायच्या दोन पद्धती आहेत. एक जुनी. आदल्या दिवशी इथे भरती व्हायचं, एरंडेल घ्यायचं, मग एनिमा. दुसरी नवी. ही पावडर दोन लिटर पाण्यात कालवायची आणि घरीच बसून पेला पेला करून संपवायची. चव खारट, बुळबुळीत. पण सगळी संपवली तर साफ होतं."

"नळी नाही ना तिच्यात?"

"साफ झालं तर नाही. पण एकदा सुरू झालं की थांबत नाही. संडास जवळ आहे ना?"

"आहे की. दारासमोरच."

खोटं नव्हतं ते. तो बारा घरांचा आहे, एवढं सांगायचं राहिलं.

तपासणी अकराला होती. पावडर पहाटे चारला सुरू करायची होती. त्यांनी जग भरला, लिंबू पिळलं आणि प्यायला बसले. चव खारटच होती, पण मंजुळेच्या एरंडेलापुढे अमृत, असं त्यांना वाटलं. तिच्या वेळी ही असती तर, असंही वाटलं. पाचच्या सुमारास पोटात ढवळलं. ते बाहेर आले. तोवर ड्यूटीवाल्यांची रांग लागली होती. शेजारचा भगवान टमरेल घेऊन उभा होता.

"काका, तुम्ही जा आधी."

"नको रे. तुझी गाडी चुकेल. मला काय, रिकामटेकडा माणूस."

एकदा जाऊन आले. पुन्हा कळ आली. पुन्हा रांग. पोट आवळून भिंतीला टेकले. आपण दर दहा मिनिटांनी दार अडवलं तर चार जणांचा खाडा होईल, हे त्यांना धडधडीत दिसत होतं. त्यांनी खोलीत येऊन जगावर ताटली झाकली. निम्मी पावडर तशीच राहिली.

दुर्बीण निम्म्यापर्यंतच गेली. पुढे मळ होता.

"पूर्ण घेतली होती ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेतली."

"मग तुम्हाला ही लागू पडत नाही, काका. पुढच्या वेळी भरती व्हा. एनिमाच द्यावा लागेल."

धोंडीबा मान हलवून घरी आले. पुढच्या वेळेची तारीख घेतलीच नाही त्यांनी. नळी नको, हे एकच त्यांच्या मनात होतं, आणि ते वाक्य त्यांचं नव्हतं. मंजुळेचं होतं.

शिमगा जवळ आला तेव्हा ते निम्मे उरले होते. शेजारच्या मनुबाई पेज घेऊन यायच्या. त्या कोकणातल्या, जिभेला हाड नसलेल्या. एक दिवस फळीवर त्यांना अर्ध्या पावडरीचं पाणी दिसलं. टाकून द्यायचा स्वभाव नव्हता, म्हणून धोंडीबांनी ते बरणीत भरून ठेवलं होतं.

"हे काय, दादा? तीर्थ?"

हसण्यावारी नेता येईना. धोंडीबांनी सांगितलं. रांगेचं सांगितलं, डॉक्टरांना मारलेल्या थापेचंही.

मनुबाई खाली बसल्या. "आणि आम्ही काय मेलो होतो? बारा घरात एकाला सांगावंसं वाटलं नाही?"

"सकाळच्या वेळी कुणाला अडवायचं?"

"माणूस आडवा झाला तरी चालेल, रांग अडायला नको. वा रे कारभारी!" असं म्हणून त्या रडल्या.

त्यांनीच भगवानला ठाण्याला पाठवलं, खरं काय ते डॉक्टरांच्या कानावर घातलं आणि नवी पावडर मागवली. पावडर घ्यायच्या पहाटे चौथं दार कुणी वापरायचं नाही असं ठरलं. बायकांनी ड्रम भरून ठेवला. "बाप्यांनी खाडीवर जावं," मनुबाईंनी फर्मान काढलं. "चाळ नवी होती तेव्हा जातच होते की."

पण धोंडीबांच्या आजारपणात चौथ्या दाराची कडी गंजून तुटली होती. भगवान रजा टाकून दाराकडे पाठ करून बसला, पेपर उघडून.

"काका, आज तुमचं राज्य. खोकायची गरज नाही."

धोंडीबा तरीही प्रत्येक वेळी खोकले. जग मात्र तळापर्यंत संपवला.

या वेळी दुर्बीण शेवटपर्यंत गेली. गाठ उजव्या अंगाला होती, पहिल्या वेळी जिथवर पोहोचताच आलं नव्हतं तिथे. आता ती वाढली होती. डॉक्टर ऑपरेशनचं बोलले. धोंडीबा म्हणाले, "पहिल्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोललो, डॉक्टर."

"कळलं मला," डॉक्टर म्हणाले. त्यांनी भरतीची चिठ्ठी लिहायला घेतली.

भरती व्हायच्या आदल्या दिवशी ते बाजारातून नवी कडी घेऊन आले. चौथ्या दारापाशी पाट टाकून बसले. कडी धरून पेन्सिलीनं चार खुणा केल्या. गिरमिट फिरवून दोन भोकं पाडली. मग धाप लागली. मनुबाई ओरडल्या, "ठेवा ते. दार कुठं पळून जात नाही."

"आलो की बसवतो," ते म्हणाले. कडी कागदात गुंडाळून खिडकीत ठेवली, वर चार स्क्रू.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ते गेले. चाळीत कुणाचा विश्वास बसेना. पहाटे पाचला माणसं रांगेत उभी राहिली आणि कुणीतरी खोकेल म्हणून वाट बघत राहिली.

कडी अजून खिडकीतच आहे. भगवाननं एकदा पेचकस हातात घेतला आणि परत ठेवला. चौथ्या दारात जाणारा दार हातानं ओढून धरतो. डोळ्यांसमोर दोन भोकं असतात, आणि त्यांच्याखाली पेन्सिलीच्या दोन खुणा.