आमच्या गल्लीतला ब्रेकर

वडवणीत आमच्या घरापुढच्या रस्त्यावर ब्रेकर व्हावा म्हणून मीच नगरपंचायतीत खेटे घातले होते. पोरं शाळेला निघाली की मोटारसायकली अंगावर यायच्या. ब्रेकर झाला तेव्हा गल्लीनं मला चहा पाजला आणि मी तो मोठ्या मानानं प्यालो.

दिवाळीनंतर साखर कारखाने सुरू झाले. उसाच्या डबल ट्रॉल्या ब्रेकरवर येऊन मुंगीच्या पावलानं सरकू लागल्या. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढण्याला आमच्याकडे कुणी चोरी म्हणत नाही. आम्हीही लहानपणी ओढलाय, फक्त तेव्हा त्यासाठी चढाचा रस्ता शोधावा लागे. आता ट्रॉली मीच पोरांच्या दारात हळू करून दिली होती. शाळा सुटली की पोरं ब्रेकरपाशी टपून बसत. आम्ही मोठी माणसं ओट्यावरून गंमत बघायचो.

त्यात शेजारची एक मुलगी सगळ्यांत चपळ. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ राहायची. एका दुपारी ट्रॅक्टरवाल्यानं मागं वळून मला हाक मारली, "ओ काका, पोरं आवरा की! मला मागचं काय दिसत न्हाई!"

"हाक बे गुमान!" मी ओट्यावरूनच ओरडलो. "दोन कांड्यांनी कारखाना बंद पडतो का तुझा?"

ओटा हसला. मुलगीही हसली आणि जोर येऊन जोडीतल्या पुढच्या ट्रॉलीमागं धावली. ऊस मोळीत अडकला होता, तिनं सोडला नाही. ट्रॉली ब्रेकरवरून उतरताना हिसका बसला आणि ती दोन ट्रॉल्यांच्या मधे पडली. तिचं एक पाऊल कापावं लागलं.

दवाखान्यात आजी एवढंच म्हणाली, "तुमी जाणती माणसं बसला व्हता की तिथं."

मग गल्ली जमली. "ह्या ब्रेकरनंच घात केला," एकजण म्हणाला आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. आपण हसत होतो, हे कुणी काढलं नाही. ब्रेकरवर ढकललं की सगळेच सुटत होतो. काढून टाकण्याचा अर्जही मीच लिहिला. करायला अनेक हेलपाटे लागले होते, काढायला एकच पुरला.

आता ट्रॉल्या न थांबता धडधडत जातात, मोटारसायकली तर विचारूच नका. मुलगी कुबडी घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहते. गाड्यांमधली फट दुसऱ्यांना पुरते, तिला पुरत नाही. पहिल्या दिवशी मी ओटा उतरून गेलो. म्हणालो, "चल, मी गाड्या थांबवतो."

तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. "नगं काका. आजी यायली."

आजीला लांबचं दिसत नाही. तरी पोरगी तिच्याच हाताला धरून रस्त्यात उतरते.