वाऱ्याने आपटलेलं दार

मुळाचं टोक जिवंत असतानाच मारावं लागतं. कोमेजलेलं चालत नाही. सकाळी कोवळं पांढरं मूळ कापायचं, बर्फाच्या पाण्यात गारठवायचं, मग अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणात टाकायचं, की पेशी जिथल्या तिथे मरतात. नंतर गरम ॲसिडमध्ये त्या ढिल्या करायच्या, रंग चढवायचा, ब्लेडने टोकाचा इवलासा तुकडा छाटून काचेवर ठेवायचा, वर दुसरी पातळ काच, त्यावर टिपकागदाची घडी, आणि अंगठ्याने चिरडायचं. पेशी सपाट झाली की आतले क्रोमोसोम पसरतात आणि मोजता येतात. क्राइस्टचर्चच्या एका लॅबमध्ये बसून मी हे इतकी वर्षं करतेय, की कुणी विचारलं तर सरळ सांगते, मी चिरडते आणि मोजते.

मोजते ते भूमध्य समुद्राच्या काठचं रानटी क्लोव्हर, तीन पानांचा चारा. तिकडच्या खडकांच्या फटीत, उन्हातान्हात, मिठाच्या वाऱ्यात ते मजेत जगतं. आमच्या इथल्या मेंढ्यांचं लाडाचं क्लोव्हर मात्र एक कडक उन्हाळा आला की माना टाकतं. म्हणून त्या दोघांचं लग्न लावायचा घाट. त्यासाठी आधी रानटी पाहुण्याच्या अंगात क्रोमोसोम किती, कसे, हे पाहावं लागतं. फोटो काढायचा, एकेक क्रोमोसोम सुटा करायचा, जोड्या जुळवायच्या, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीत उभ्या करायच्या. घरी मी तिळाचा लाडू धड वळत नाही, पण या जोड्या जुळवायला मला बसवा, जेवणखाण विसरते.

सगळी कला अंगठ्यात. सरळ खाली दाबायचं, तसूभरही सरकवायचं नाही. सरकलं की पेशी फराटली. आमची म्हातारी, म्हणजे माझी बॉस, सत्तरीची आहे. कधीच रिटायर व्हायला हवी होती, पण होत नाही. तिने पहिल्याच दिवशी माझा अंगठा हातात धरून उलटसुलट पाहिला होता, घोडा घेताना दात बघतात तसा. म्हणाली, "चालेल."

तोच अंगठा माझ्या नवऱ्याने गणपतीत फोडला.

हे सांगताना आजही माझं डोकं फिरतं. बाहेर हा माणूस म्हणजे गरीब गाय. आयटीतला, पुण्याचा, इथल्या मराठी मंडळात सगळ्यांच्या खुर्च्या उचलणारा, आरतीला खणखणीत आवाज लावणारा. "वहिनी, नशीब काढलंत हो," असं बायका मला म्हणायच्या आणि मी मूग गिळून बसायची. घरात तो कानाखाली द्यायचा नाही, शहाणा होता. दंडाला, पाठीला, केसांच्या आत. जिथे दिसणार नाही तिथे. मी काही सोशिक वगैरे मुळीच नाही बरं का. एकदा मी तव्याने हाणलंय त्याला, एकदा त्याचा लॅपटॉप जिन्यावरून भिरकावलाय. पण त्याचे हात मोठे होते.

मग राहिलीस कशाला, असं विचाराल. लेक. नऊ वर्षांची. आमचं भांडण सुरू झालं की ती खोलीत जाऊन हेडफोन लावायची. मी स्वतःशी एकच रेघ ओढली होती, मला काय करायचं ते कर मेल्या, पोरीला बोट लावलंस त्या दिवशी मी या घरात नाही. आणि तिला तो हात लावत नाही, याची मला पक्की खात्री होती. त्या एका खात्रीवर मी दिवस ढकलत होते.

त्या संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये मंडळाची आरती झाली, जेवणं झाली. मसालेभात नवऱ्याने केला होता. कुणीतरी माझ्या कामाचं विचारलं, तर हा हसत म्हणाला, "काही नाही हो, आमची ही गवताच्या मुळ्या मोजते." मी म्हटलं, "मला मोजता तरी येतं. याला भातात मीठ किती घालायचं तेही मोजता येत नाही!" सगळे खो खो हसले. तोही हसला. सगळ्यात जास्त तोच हसला.

पार्किंगमध्ये लेक मागच्या सीटवर बसली. मी पुढे बसत होते, उजवा हात दाराच्या चौकटीवर होता. त्याने दार लावलं. मग उघडलं. माझ्या हाताकडे बघितलं. आणि परत लावलं.

मी किंचाळले की नाही, आठवत नाही. नख उपटून आलं होतं आणि हाड आतून खडखडत होतं, एवढं आठवतं. तो गाडी चालवत शांतपणे म्हणाला, "मीठ मोज आता."

रिकार्टनच्या दवाखान्यात डॉक्टरबाई आपल्याच, सोलापूरकडच्या. त्यांनी विचारलं, "कसं लागलं?" मी म्हटलं, "वाऱ्याने दार आपटलं." क्राइस्टचर्चमध्ये हे कुणालाही पटतं. इथला वसंत गणपतीच्याच दिवसांत येतो, तेव्हा डोंगरांवरून गरम नॉर्वेस्टर सुटतो, तो कचऱ्याचे डबे उडवतो, कुंपणं पाडतो, माणसांची डोकीही फिरवतो म्हणतात. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पट्टी बांधली. लेक शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती, एका पायातली जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, खाली पडली होती.

सुट्टी टाकून घरी बसणं म्हणजे त्याच्याबरोबर बसणं, म्हणून मी लॅबमध्ये गेले. अंगठा पट्टीत जखडलेला. मग मी तळहाताच्या टाचेने दाबायला लागले. उभी राहून, कोपर ताठ करून, सगळा भार टाकून. खरं सांगू? काचेखाली मूळ नव्हतंच माझ्या. त्याचं तोंड होतं. दाबताना दात करकरायचे. काही काचा फुटल्या, काही टिकल्या, आणि टिकलेल्यांपैकी एकीवर मला ती सुंदर पेशी दिसली. सगळे क्रोमोसोम छान पसरलेले. मोजले. असायला हवे होते बत्तीस, निघाले चौतीस.

पुन्हा मोजले. चौतीस. जोड्या लावल्या, तर शेवटी एक नवीच जोडी उरली, अगदी बारीक, दोन ठिपक्यांची. एक अख्खी जोडी जास्त! रानात काहीही होऊ शकतं. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच कशाचा तरी आनंद झाला होता. मॉर्निंग टीला मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. लॅबमधली पोरं म्हणाली, "स्वीट ॲज!" म्हणजे झकास. म्हातारीने बिस्किट खाली ठेवलं आणि स्लाइड घेऊन तिच्या खोलीत गेली.

शाळेला सुट्टी होती, म्हणून लेक माझ्या टेबलाशी चित्र रंगवत बसली होती. दुपारी बाप तिला न्यायला येणार होता. मी तिला झापतच होते, सुट्टी लागायच्या आधी टीचरचा मेल आला होता, की ही दर वेळी पोहायचे टॉग्ज घरी विसरते आणि काठावर बसून राहते. "रोज बॅगेत मी भरते आणि तू काढून ठेवतेस? वेड लागलंय का?" ती खडू तेवढा जोरजोरात घासत राहिली.

म्हातारी परत आली. स्लाइड माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "तुझ्या या शेवटच्या दोघांना कंबर कुठे आहे?"

क्रोमोसोमला कंबर असते. मध्ये कुठेतरी तो आवळलेला असतोच. माझ्या दोन ठिपक्यांना कंबर नव्हती.

"आता हे दोघं बघ," तिने पडद्यावर मोठी जोडी दाखवली. "यांच्या टोकाला गोळे हवेत. कुठे गेले?"

काही क्रोमोसोमच्या टोकाला बारीक धाग्याने एक गोळा लटकत असतो. तो त्याचाच भाग असतो, वेगळा कुणी नसतो. माझे दोन्ही गोळे धाग्यावरून तुटून लांब उडाले होते आणि मी त्यांना वेगळे म्हणून मोजलं होतं. नवशिकी पोरगी करते ती चूक. इतक्या वर्षांनी मी केली!

"एक तुटलेला मी पाहिलाय," म्हातारी म्हणाली. "दोन्ही बाजूंचे असे कधी नाही. यासाठी फार जोर लागतो. कशी दाबतेस? दाखव."

मी उभी राहिले, कोपर ताठ केलं, तळहाताची टाच टेबलावर टेकवली.

"अंगठा?"

"दारात सापडला."

"दार कुणी लावलं?"

"वाऱ्याने," मी म्हटलं. "नॉर्वेस्टर."

मागून लेकीचा आवाज आला. मान वर न करता, खडू फिरवत. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते इंग्रजीतच. "इट्स ऑल्वेज द विंड," ती म्हणाली. "आय टोल्ड माय टीचर दॅट टू."

मी वळले. "काय सांगितलंस टीचरला?"

मी तिच्या स्वेटशर्टची बाही धरली, तशी ती आकसली. माझ्यापासून आकसली! मी बाही वर सारली. दंडाला एका बाजूला चार काळेनिळे डाग होते आणि दुसऱ्या बाजूला एक, मोठा, अंगठ्याचा. काही जुने, पिवळे पडलेले. म्हणून टॉग्ज. म्हणून काठावर बसणं.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात, तसं खरोखर झालं. पुढचं मला म्हातारीने नंतर सांगितलं. मी हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली उचलली आणि झाकण काढत दाराकडे निघाले. मी ओतणार होते त्याच्या तोंडावर. त्यात काही शंका नाही, आजही नाही. म्हातारीने माझं मनगट पकडलं, त्या हडकुळ्या हाताने, आणि असं काही पिरगाळलं की मी कळवळले. "खाली ठेव," ती म्हणाली. "ती बघतेय तुझ्याकडे."

लेक बघत होती. दोन्ही हात डोक्यावर घेऊन.

मी बाटली खाली ठेवली. म्हातारीने पोलिसांना फोन केला, आणि तेवढ्यात तो आलाच. खालच्या काचेच्या दाराशी उभा राहून मोबाइल करत होता. मी जिना उतरून समोर गेले. दाराला आतून कुलूप होतं. मी म्हटलं, ती येणार नाही. मीही येणार नाही. त्याला क्षणभर कळलंच नाही. मग त्याने काचेवर लाथ घातली. पुन्हा घातली. काच थरथरली, खालच्या कोपऱ्यातला टवका उडाला आणि तडा वर चढला. तो मराठीत ओरडत होता, कुणाला कळू नये म्हणून. तुला गाडून टाकीन, पोरीचं तोंड बघू देणार नाही, तुझ्या आईबापाला सांगतो कसली अवदसा आहेस. मी इंग्रजीत ओरडले, सगळ्यांना कळावं म्हणून. याने माझा हात फोडला. याने माझ्या मुलीला मारलं. हा मारतो. पॅसेजमधली सगळी दारं उघडली, पोरं बाहेर आली, म्हातारी आग विझवायचा लाल सिलिंडर उचलून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. त्यांना पाहून तो थांबला, केस सारखे केले आणि मंडळात हसतो तसा हसला. "सॉरी, फॅमिली मॅटर," म्हणाला. त्याच्या बुटातून रक्त येत होतं.

पोलिसांनी त्याला नेलं. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं.

संध्याकाळी एक पोलीसबाई आम्हाला त्याच दवाखान्यात घेऊन गेली. त्याच सोलापूरच्या डॉक्टरबाई. त्यांनी लेकीचा दंड दिव्याखाली धरला आणि मराठीत विचारलं, "कसं लागलं गं बाळा?"

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे. काय सांगायचं असतं, ते बघायला. हे तिला मीच शिकवलं होतं, याच खुर्चीत बसवून.

"खरं ते सांग," मी म्हटलं.

"बाबांनी," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुमचा अंगठा?"

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ, इतकं सगळं होऊनही माझ्या जिभेवर वाराच आला.

"तोपण बाबांनी," लेक म्हणाली. पहिल्यांदाच इतकं सलग मराठीत. "दार दोनदा लावलं. मी मागे बसले होते."